गळ्याशी आलेला प्रश्न

‘भोक’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारलाच नव्हता. ते आधी ‘ट्रेकी’ म्हणाले आणि मग ‘गळ्यातून एक छोटी नळी’ असं म्हणाले. पण काकू रिक्षातून उतरून शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याचा जिना चढेपर्यंत त्याचं ‘घशाला भोक पाडणार आहेत’ असं होऊन गेलं होतं, आणि रात्री आठपर्यंत ते चारही बिऱ्हाडांत पोचलं होतं. काकांना अर्धांगाचा झटका आल्याला नऊ दिवस झाले होते. तोंडातून घातलेली नळी आणि तिला जोडलेला व्हेंटिलेटर, एवढ्यावर त्यांचा श्वास चालला होता. मी वैद्यकीय विषयांवर लिहितो, डॉक्टर नाही; तरी वाड्यातले रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि विम्याचे कागद माझ्याकडेच येतात. काकूंनी संमतीपत्राचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि नेमका प्रश्न विचारला, “हे कापून करतात ते बरं, का टोचून करतात ते? डॉक्टर म्हणाले दोन्ही असतं.”

गेली चाळीस वर्षं जगभरचे तज्ज्ञ ज्या प्रश्नावर चाचण्यांमागून चाचण्या करत आहेत, तोच प्रश्न काकूंनी एका वाक्यात मांडला होता. कापून म्हणजे शल्यक्रियेने: चीर द्यायची, स्नायू बाजूला करायचे, श्वासनलिका डोळ्यांनी बघून उघडायची. टोचून म्हणजे सुईने: श्वासनलिकेत सुई घालायची, सुईतून तार सरकवायची आणि तारेवरून वाट रुंदावत न्यायची. पुढचा आढावा काकूंच्या शब्दांतच घेतो. पाठ्यपुस्तकातले शब्द लांबलचक आहेत आणि त्यांनी कळतं याहून जास्त काही नाही.

आधी हे करावं लागतंच का, ते पाहू. तोंडातून घातलेली नळी स्वरतंतूंच्या मधून खाली जाते. चार-सहा दिवस ठीक. पण दोन-तीन आठवडे ती तिथेच राहिली तर स्वरयंत्राला इजा होते, तोंडाची स्वच्छता ठेवणं अवघड होतं आणि नळी सहन व्हावी म्हणून रुग्णाला गुंगीत ठेवावं लागतं. नळी गळ्यातून घातली की तोंड मोकळं होतं, गुंगी कमी करता येते, व्हेंटिलेटर हळूहळू सोडवता येतो, रुग्ण ओठ हलवून काही सांगू शकतो. आयसीयूतल्या रुग्णासाठी याचा अर्थ फार मोठा असतो.

पुण्याने हे अलीकडेच मोठ्या प्रमाणावर पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी झालेल्या ‘जीबीएस’चे रुग्ण एकाएकी वाढले. मार्चपर्यंत संशयितांसह सव्वादोनशेच्या आसपास रुग्णांची नोंद झाली. बऱ्याच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे वळलं. या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पाय लुळे पडतात, मग हात, आणि साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या श्वासाचे स्नायूही थकतात. मेंदू मात्र टक्क जागा असतो. अर्धांगाच्या रुग्णाला काय चाललंय ते कळतंय की नाही, हे घरच्यांना समजत नाही. जीबीएसच्या रुग्णाला सगळं कळत असतं. तोंडात नळी, हातपाय निर्जीव, आणि पापण्यांची उघडझाप एवढीच भाषा. अशा रुग्णाच्या घरच्यांना ‘ट्रेकी’चा कागद पुढे आला की भीती वाटते, आणि तो रुग्ण शुद्धीत असल्याने पुष्कळदा त्यालाही वाटते.

या भीतीला इतिहास आहे. मराठीत डिप्थीरियाला घटसर्प म्हणतात. घशात साप वेटोळं घालून बसावा तसा तो राखाडी पापुद्रा श्वास कोंडतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ब्रेतोनो आणि त्याचा शिष्य ट्रूसो यांनी घटसर्प झालेल्या मुलांचे गळे उघडायला सुरुवात केली. चारांतलं एखादं मूल वाचलं तरी मोठं यश मानत, कारण उरलेल्यांच्या बाबतीत काही न करण्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. त्या काळी गळा उघडायचा तो जीव अक्षरशः कंठाशी आल्यावरच. म्हणून ‘गळ्याला भोक पाडलं’ म्हणजे ‘आता काही खरं नाही’ हे समीकरण पिढ्यान् पिढ्या बसलं. ते आजही वाड्यात जिवंत आहे. काकूंच्या सासूबाईंची पिढी असती तर त्यांनी कागदावर सही केलीच नसती.

समीकरण बदललं ते ऑगस्ट १९५२ मध्ये, कोपनहेगनमधल्या ब्लेगडॅम रुग्णालयात. पोलिओच्या साथीत श्वास थांबून मुलं पटापट दगावत होती आणि शरीराभोवती बसवायची ‘लोखंडी फुप्फुसं’ मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात सर्जनकरवी नळी घालून घेतली आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग पुढचे कित्येक आठवडे सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या पिशव्या दाबत बसले. आयसीयू या कल्पनेचा जन्म तिथला, असं मानतात. म्हणजे गळ्यातली नळी हे आयसीयूचं शेवटचं हत्यार नाही, आयसीयूची सुरुवातच तिच्यापासून झाली. पुण्यातली कोणतीही सिस्टर डोळे मिटून उचलते ती हाताने दाबायची अंबू बॅगही याच साथीनंतर चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच तयार झाली.

आपल्याकडे हा धडा पोलिओपेक्षा धनुर्वाताने शिकवला. शेतात पायाला खिळा, नाळ कापायला गंजकं पातं, आणि मग जबडा आवळलेला रुग्ण. स्वरयंत्राचा झटका आला की क्षणात श्वास बंद. मुंबईतल्या मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत धनुर्वाताचे स्वतंत्र वॉर्ड होते आणि तिथे गळ्यातली नळी रोजची बाब होती. पटेल आणि जोग यांनी १९५९ मध्ये धनुर्वाताची तीव्रता मोजायची जी पद्धत सुचवली ती पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. डॉ. फारोख उदवाडिया यांनी गंभीर धनुर्वाताच्या रुग्णांना नळी, गुंगी आणि व्हेंटिलेटरवर ठेवून मृत्यूचं प्रमाण कसं खाली आणता येतं हे दाखवलं. अतिदक्षतेतलं भारतीय शहाणपण बऱ्याच अंशी या वॉर्डांतून आलेलं आहे. आणि तिथे सगळं कापूनच होत होतं. टोचून करायची सोय जगात कुठेच रुळलेली नव्हती.

आता कापून म्हणजे काय ते नीट बघू. रुग्णाच्या खांद्यांखाली उशी ठेवून मान मागे टाकायची. कंठमणी बोटाला लागतो, त्याखाली क्रिकॉइड नावाचं अंगठीसारखं कडं. त्याखालून श्वासनलिकेची खरी कडी सुरू होतात. सोळा ते वीस असतात, आणि मागे उघडी असल्यामुळे कड्याऐवजी नालासारखी दिसतात. मागे लागूनच अन्ननलिका. चीर क्रिकॉइड आणि छातीच्या हाडाच्या खाचेच्या साधारण मध्यावर. स्नायू मधल्या पांढऱ्या रेषेवर दुभंगतात, थायरॉइडचा पूल वर सारायचा किंवा बांधून कापायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कड्याशी श्वासनलिका उघडायची. याहून वर उघडू नये, हे अमेरिकेच्या शेव्हालिए जॅक्सनने १९२१ मध्ये ठणकावून सांगितलं. क्रिकॉइडला धक्का लागलेल्या रुग्णांची स्वरयंत्राजवळची वाट पुढे आवळून जाते, हे त्याने अशा कितीतरी रुग्णांवर उपचार करताना पाहिलं होतं. १९६० मध्ये ब्यॉर्कने श्वासनलिकेचीच एक छोटी झडप खाली वळवून कातडीला शिवायची युक्ती दिली; नळी निसटली तरी वाट सापडावी म्हणून. जॅक्सनच्या नावाची धातूची नळी आपल्या सरकारी वॉर्डांत आजही दिसते, आणि दोन पाकळ्यांची फुलर नळीही. उकळून, निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात त्या.

कापून करण्याचा मोठा गुण म्हणजे सगळं दिसतं. रक्तवाहिनी आडवी आली तर बांधता येते. मान आखूड, गळ्यावर गाठ, आधी शस्त्रक्रिया झालेली, रक्त पातळ झालेलं, अशा अवघड गळ्यात सर्जनचा हात आणि डोळा हवाच. लहान मुलांत तर हाच मार्ग. दोष म्हणजे बहुतेकदा रुग्णाला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. व्हेंटिलेटर, तीन-चार पंप, मॉनिटर, सगळी वरात लिफ्टमधून. आयसीयूत काम केलेला कोणीही सांगेल की या वरातीत पंपाची बॅटरी नेमकी मधल्या मजल्यावर संपते.

टोचून करण्याची कथा कल्पकतेची आहे. तारेवरून नळी सरकवण्याचं तंत्र स्वीडनच्या सेल्डिंगरने १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी शोधलं होतं. श्वासनलिकेवर तसं काही करायचे प्रयत्न पन्नाशी-साठीच्या दशकांत झाले, पण धारदार अवजारांनी मागच्या भिंतीला भोकं पडली आणि लोक बिचकले. १९८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावचा छातीचा सर्जन पास्क्वाले सियाल्या याने मूत्रपिंडाची वाट रुंदावायला वापरतात त्या कांड्या उचलल्या. बोथट आणि चढत्या मापाच्या. सुई श्वासनलिकेत गेली की जोडलेल्या सिरिंजमधल्या पाण्यात बुडबुडे येतात. तिथून तार आत, मग कांडीमागून कांडी, शेवटी नळी. कापायचं जवळजवळ काहीच नाही, उतींना फक्त बाजूला सारायचं. आयसीयूतल्या पलंगावरच, पंधरा-वीस मिनिटांत.

मग वाण वाढत गेले. १९८९ मध्ये दोन पात्यांचं एक अवजार आलं, झटपट वाट रुंदावणारं. त्याने इजा केल्या आणि ते मागे पडलं. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रिग्जने तारेवरून सरकणारा चिमटा आणला. आत घालायचा, दोन्ही हातांनी फाकवायचा, झालं. सियाल्याच्या कांड्यांची जागा १९९९ च्या सुमारास एकाच निमुळत्या, वाकड्या कांडीने घेतली. आकार गेंड्याच्या शिंगासारखा, रंग निळा, म्हणून नाव ‘ब्लू ऱ्हायनो’. आज पुण्याच्या खासगी आयसीयूत टोचून म्हटलं की बहुधा हे शिंग किंवा त्याची एखादी नक्कल. इटलीच्या फान्तोनीने उलटाच विचार केला: आतून बाहेर. तार गळ्यातून घालून तोंडातून काढायची आणि नळी तोंडातून ओढत गळ्यातून बाहेर आणायची. वाचायला सुरेख, करायला जिकिरीची. २००२ मध्ये स्क्रूसारखं फिरवत नेण्याचं साधन आलं, नंतर फुग्याने वाट रुंदावण्याचं.

या भावंडांची आपापसात तुलना झाली आहे. २०१२ मध्ये १३ चाचण्यांतल्या हजाराहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. फान्तोनीची पद्धत गंभीर गुंतागुंतींत मागे पडली. बाकीच्यांत किरकोळ फरक. ग्रिग्जचा चिमटा सर्वांत जलद, पण रक्त जरा जास्त येतं. एकच कांडी वापरताना श्वासनलिकेचं एखादं कडं तडकतं. पुढे त्याने किती त्रास होतो याबद्दल मतं वेगळी आहेत. माझं वाचनावरून झालेलं मत असं की शिंग की चिमटा हा वाद तितका मोलाचा नाही. हाताला जे सवयीचं तेच बरं. आपल्याकडे चिमट्याला एक जास्तीचा आधार आहे, तो कुठल्या चाचणीत येत नाही: निर्जंतुक करून तो पुन्हा वापरता येतो. शिंग एकदाच वापरायचं असतं.

काकूंच्या मूळ प्रश्नावरचं उत्तर जास्त भरघोस आहे. २००६ च्या एका विश्लेषणात १७ चाचण्या आणि १२१२ रुग्ण होते; २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २० चाचण्या आणि १६५२ रुग्ण. दोन्हींचा सूर एक. मृत्यूंमध्ये फरक नाही. टोचून केल्यास जखमेत जंतुसंसर्ग बराच कमी; कॉक्रेनच्या हिशोबाने जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी कमी. व्रणही लहान राहतो. याचं कारण साधं आहे. टोचून केलेली वाट नळीच्या मापाचीच असते, तिच्याभोवती उती घट्ट बसतात, स्राव साचायला पोकळी उरत नाही. कापून केलेल्या जखमेला कोपरे असतात.

पण या आकड्यांवर लगेच टाळी देऊ नये. चाचण्यांत घेतलेले गळे सोपे होते. अवघड मानेचे, रक्त न गोठणारे, गाठी असलेले रुग्ण बहुतेक ठिकाणी आधीच वगळले होते. शिवाय जुन्या चाचण्यांत पुष्कळदा पलंगावरच्या टोचण्याची तुलना थिएटरमधल्या कापण्याशी केली होती. तो फरक पद्धतीचा किती आणि लिफ्टमधल्या वरातीचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. आणि टोचून करण्याचे अपघात क्वचितच होतात, पण झाले तर भयानक. २०१३ च्या एका आढाव्यात टोचण्याशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण ०.१७ टक्के, म्हणजे साधारण सहाशेत एक, असं निघालं. कारणांत रक्तस्राव पहिला, वाट हरवणं दुसरं. त्यातले काही मृत्यू पद्धतीचे नव्हते, न पाहता टोचण्याचे होते.

म्हणून दुर्बिणीचा मुद्दा मला पद्धतीपेक्षा मोठा वाटतो. तोंडातल्या नळीतून ब्रॉन्कोस्कोप खाली सोडला तर सुई मध्यावर शिरतेय ना, मागची भिंत सुरक्षित आहे ना, हे पडद्यावर दिसतं. त्याचे तोटेही आहेत: दुर्बीण नळीची अर्धी वाट अडवते, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि लहान नर्सिंग होममध्ये दुर्बीण असतेच असं नाही. सोनोग्राफी मात्र आता बहुतेक आयसीयूंत आहे. तिने श्वासनलिकेच्या आतलं दिसत नाही, पण कातडीखाली कोणती शीर आडवी आहे ते टोचण्याआधीच कळतं. ब्राझीलमध्ये २०१६ मध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सोनोग्राफीची वाट दुर्बिणीच्या वाटेहून कमी ठरली नाही. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या (ही संस्था १९९३ मध्ये मुंबईत सुरू झाली) तज्ज्ञगटाने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींचा कलही टोचण्याकडे आहे.

पुण्यात या वादाला एक घरगुती बाजू आहे. पूर्वी गळा म्हटलं की कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांचा प्रांत. आयसीयूवाले त्यांना फोन करायचे, ते संध्याकाळची ओपीडी संपवून यायचे. टोचण्याच्या किटने आयसीयूवाल्यांना स्वतःचं काम स्वतः उरकायची मुभा दिली. पेठांतल्या वीस खाटांच्या रुग्णालयात, जिथे सर्जन बाहेरून बोलवावा लागतो, तिथे हा फार मोठा फरक आहे. सरकारी रुग्णालयात हिशोब उलटा: तिथे घशाचे सर्जन आणि निवासी डॉक्टर रात्रंदिवस हजर, अवजारं धुऊन पुन्हा वापरायची, आणि किट बाहेरून आणायला लावलं तर तो खर्च नातेवाइकांच्या खिशातून. तिथे कापूनच करतात, आणि पुष्कळ केल्यामुळे छान करतात. माझ्या मते त्यात मागासलेपण काही नाही. रोज दोन गळे उघडणाऱ्या निवासी डॉक्टरचा हात महिन्याला एक टोचणाऱ्याच्या हातापेक्षा मी केव्हाही पसंत करेन.

कोविडने आणखी एक गाठ घातली. २०२० मध्ये गळा उघडताना उडणाऱ्या थेंबांची धास्ती एवढी होती की दहा दिवस तरी थांबा, काही ठिकाणी तर त्याहून जास्त थांबा, असे सल्ले दिले गेले. टोचताना आणि उघडताना व्हेंटिलेटर काही क्षण बंद ठेवायचा, अशी रीत पडली. नदीपलीकडे, सीओईपीच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं ते याच वर्षी ऑगस्टमध्ये. आमच्या पेठेतल्या गच्च्यांवरून त्याचे दिवे दिसत. आत किती गळ्यांवर निर्णय होत असतील, असा विचार तेव्हा कोणी केला नाही. आम्ही ऑक्सिजनचे टँकर मोजत होतो.

यातून काकूंनी न विचारलेला प्रश्न पुढे येतो: केव्हा? लवकर केलं तर रुग्ण लवकर सुटतो, अशी समजूत बरीच वर्षं होती. ब्रिटनमध्ये ९०९ रुग्णांवर झालेली ‘ट्रॅकमॅन’ चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात चार दिवसांच्या आत, दुसऱ्यात दहा दिवसांनंतर, तीही गरज उरली तरच. तीस दिवसांतले मृत्यू ३०.८ आणि ३१.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्यातला माझ्या मते खरा निष्कर्ष दुसराच आहे. ‘उशिरा’च्या गटात प्रत्यक्षात पंचेचाळीस टक्क्यांनाच नळी घालावी लागली. बाकीच्यांपैकी काही दगावले, पण बऱ्याच जणांची तोंडातली नळी तोवर निघूनही गेली होती. कोणाला दोन-तीन आठवडे व्हेंटिलेटर लागेल हे चौथ्या दिवशी डॉक्टरांना नीटसं सांगता येत नाही, आणि ते सांगता येतं असा आव आणून गळा उघडला तर निम्म्या लोकांना फुकट व्रण मिळतो. काकांसारख्या अर्धांगाच्या रुग्णांवर जर्मनी-अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८२ रुग्णांच्या चाचणीतही घाईने सहा महिन्यांनंतरच्या अवस्थेत सुधारणा दिसली नाही.

जीबीएसची गोष्ट जराशी वेगळी. तिथे रुग्ण जागा आहे, मेंदू शाबूत आहे, आणि नसा सावरायला आठवडे ते महिने लागतात. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलाने काहींची ताकद दोन आठवड्यांत परतू लागते. त्यांना नळीची गरजच उरत नाही. म्हणून बरेच जण साधारण बारा-चौदा दिवसांपर्यंत वाट पाहून श्वासाच्या ताकदीचे आकडे बघतात आणि मग ठरवतात. ज्याची ताकद हलत नाही, त्याला त्यानंतर तोंडात नळी देऊन ठेवणं ही निव्वळ शिक्षा. गळ्यात नळी आली की तो ओठांनी ‘पाणी’ म्हणतो, पंखा बंद करा म्हणतो. ब्लेगडॅममधल्या त्या मुलीलाही हेच मिळालं होतं.

आता काकूंना मी सर्वांत जास्त वेळ ज्याबद्दल सांगितलं ते. आयसीयूतला खरा धोका नळी घालताना जितका असतो, त्याहून जास्त ती घातल्यानंतर. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर अपघातांची देशभर नोंद केली गेली. तिचा अहवाल २०११ मध्ये आला. आयसीयूतल्या मृत्यूंमागे गळ्यातली नळी सरकणं हे एक प्रमुख कारण निघालं, आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत दाखवणारं यंत्र, म्हणजे कॅपनोग्राफ, न लावणं हे सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंत कारणीभूत होतं. टोचून केलेल्या वाटेचा जो गुण, उती घट्ट बसणं, तोच इथे वैरी होतो. पहिल्या आठवड्यात नळी निसटली तर वाट क्षणात मिटते, आणि घाबरून नळी परत खुपसली तर ती श्वासनलिकेऐवजी शेजारच्या उतींत शिरते. बाहेरून सगळं जागेवर दिसतं, आत हवा जात नाही. अशा वेळी गळ्याशी झटापट न करता तोंडातून पुन्हा नळी घालणं, हे सुज्ञपणाचं. टोचलेल्यांची पहिली नळी सात-दहा दिवस बदलायची नाही, असं म्हणतात ते यासाठीच.

मग कफ. या शब्दाने वाड्यात मोठा घोळ घातला. डॉक्टर म्हणाले, “कफ फुगवलाय.” काकूंना वाटलं छातीत कफ वाढलाय, त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणायला पाठवलं. नळीच्या टोकाला फुगा असतो, इंग्रजीत त्याला ‘कफ’. तो श्वासनलिकेच्या भिंतीला टेकून हवा आणि लाळ अडवतो. दाब वीस ते तीस सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी झाला तर लाळ खाली उतरते, जास्त झाला तर भिंतीचं रक्त थांबतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथे आकसलेली जागा मिळते. दाब मोजायचं यंत्र अगदी साधं असतं. तरी अनेक ठिकाणी बोटाने फुगा दाबून ‘ठीक आहे’ म्हणतात.

आणि एक प्रश्न डॉक्टर विचारायला कचरतात, नातेवाईक तर विचारतच नाहीत: करायचंच का? ज्याच्या परतीची आशा नाही त्याच्या गळ्यात नळी घातली की त्याचा आयसीयूतला मुक्काम आठवड्यांचा महिने होतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात जीव लांबवणारे उपचार थांबवण्याचा, आणि आधीच इच्छापत्र करून ठेवण्याचा मार्ग मान्य केला. जानेवारी २०२३ मध्ये ती प्रक्रिया सोपी केली. नळीचा कागद पुढे येतो तोच या बोलण्याचा नेमका क्षण असतो, पण बहुतेक ठिकाणी तो ‘इथे सही करा’ एवढ्यात निघून जातो. काकांच्या बाबतीत मी हा प्रश्न काढला. काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “डोळे उघडतात ते. मुलीचं नाव घेतलं की उघडतात.” एवढ्यावर ठरलं.

टोचून केलं. दुर्बीण होती, मान लांब होती, सगळं सरळ झालं. व्हेंटिलेटर सुटायला अजून अठरा दिवस लागले. घरी पाठवताना मात्र त्या रुग्णालयाने नळीच्या आतली नळी रोज काढून धुवायची असते, हे कोणालाच सांगितलं नाही. चौथ्या रात्री घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आतली नळी वाळलेल्या कफाने, म्हणजे खऱ्या कफाने, जवळजवळ बुजली होती. समोरच्या बिऱ्हाडातली परिचारिका असलेली सून धावली म्हणून निभावलं. नाक टाळून गेलेली हवा कोरडी असते, ती ओलसर करावी लागते. साधं वाक्य आहे, पण ते कोणी म्हणायला हवं. पानशेतच्या पुरानंतर पुन्हा उभारलेल्या या वाड्याला लिफ्ट नाही. काकांना खुर्चीत बसवून चार जणांनी वर चढवलं होतं. दिवे गेले तर चालावं म्हणून पायाने दाबायचं सक्शन आणलं, कारण गणपतीत आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

दोन महिन्यांनी बोलायची झडप लावली. अमेरिकेतल्या डेव्हिड म्यूर या स्नायूंच्या आजाराने जखडलेल्या तरुणाने ती १९८०च्या दशकात स्वतःसाठी शोधली: हवा आत गळ्यातून येते, बाहेर जाताना झडप मिटते आणि ती स्वरतंतूंमधून वर जाते. ती लावण्याआधी फुगा पूर्ण रिकामा करावाच लागतो, नाहीतर आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाटच राहत नाही. काकूंनी ते झडपेच्या डबीवर मार्करने लिहून ठेवलंय: ‘आधी फुगा सोडा’.

काकांच्या पलंगाच्या उशाशी जुनी लाकडी खुंटी आहे. तिच्यावर पूर्वी त्यांची टोपी असायची. आता तिथे पारदर्शक पिशवीत दोन नळ्या टांगल्यात. एक त्यांच्या मापाची, एक एका मापाने लहान. पहिली गेली नाही तर दुसरी जावी म्हणून.